कोथळोची नोंद

खरं प्रेम काळावर मात करतं. निदान तापमान बावीस अंश, हवेतला ओलावा पन्नास टक्के आणि कसर लागू नये म्हणून दर तीन महिन्यांनी फवारणी, एवढं जमलं तर करतंच, असं संग्रहालयाच्या वस्त्रविभागातला नोंदवाला छातीठोकपणे सांगू शकला असता. वय चौतीस, अकरा वर्षं त्याच टेबलाशी, आणि प्रेमाचा अनुभव शून्य.

लमाणी लग्नातल्या कापडांचं प्रदर्शन ठरलं आणि उसवलेलं शिवायला ती आली. लमाणाचीच लेक, हातात कसब. पहिल्याच दिवशी ती काचेच्या पेटीसमोर थांबली, आतली चिठ्ठी वाचली आणि — हसली. संग्रहालयात हसायची पद्धत नव्हती.

"साहेब, 'वधूचा मुकुट, मागून फाटलेला' हे कोणी लिहिलं?"

"मी. का?"

"मुकुट कसला! चुंबळ आहे ही, डोक्यावर हंडा ठेवायची. चार कवड्या लावल्या म्हणून काय राणी झाली?"

"आणि मागे लोंबतंय ते?"

"फाटलेलं नाही हो. पाठीवर सोडायचं असतं." तिने सुईत दोरा ओवला. "मागून चालणाऱ्याला बघायला काहीतरी नको?"

तो कानापर्यंत लाल झाला. चिठ्ठी मात्र त्याच दिवशी बदलली.

मग रोज एक चूक निघू लागली. नाही निघाली तर तो करून ठेवायचा. ओढणीला 'टेबलावरचं कापड' लिहायचा आणि ती येईपर्यंत पेन्सिलीला टोक काढत बसायचा.

"काय हो, डोळे आहेत की काचा?"

"डोळेच आहेत. पण तुमच्या टाक्यांकडे बघून बघून..."

"टाक्यांकडेच ना?"

"...बहुतेक."

ती दोरा दाताने तोडायला वाकली की घागऱ्यावरच्या आरशांत तिचे तुकडे दिसायचे. एकात भुवई, एकात हनुवटी. त्याची बेरीज कधी पुरी व्हायची नाही.

"हा कोथळो," तिने एकदा एक जुनी पिशवी उघडून दाखवली. "चौकोनाचे तीन कोपरे मध्ये आणून शिवायचे, चौथा मोकळा. आईनं बाबांना तोंडानं काही म्हणून सांगितलं नाही. हा शिवून हातात दिला. बाबांना कळलं."

"लगेच?"

"बाबा शाळेत गेलेले नव्हते."

त्याने हेही टिपून घेतलं.

काम संपलं त्या दुपारी तिने त्याच्या टेबलावर नवा कोरा कोथळो ठेवला. गडद निळा. सात महिने घरी बसून शिवलेला.

"घ्या. माझ्या हातचा."

"किती बारीक काम आहे! म्हणजे... ठेवून घेऊ?"

"ठेवा की."

"कायमचा?"

तिने मान वर केली. "असा कायमचाच देतात."

त्याला भरून आलं. त्याने नोंदवही उघडली.

"प्रकार — कोथळो. स्थिती — उत्तम. उपयोग — मुलीने मनातलं न बोलता..." लेखणी अडली. तिच्या बांगड्याही थांबल्या. त्याने वर पाहिलं. "'सांगण्यासाठी' लिहू की 'कळवण्यासाठी'?"

"कळवण्यासाठी," ती हळूच म्हणाली.

"बरोबर आहे ना?"

"अगदी बरोबर लिहिलंत."

अकरा वर्षांत त्याच्या नोंदीचं कौतुक पहिल्यांदाच झालं होतं. त्या खुशीत ती गेली कधी, ते त्याला कळलंच नाही.

दुसऱ्या दिवशी नोंदवहीवर सही करताना विभागप्रमुख असलेल्या मोठ्या बाईंनी चष्मा खाली ओढला. "हा तिनं तुम्हाला दिला?"

"संग्रहालयाला, बाई."

"अहो, ती संग्रहालयाशी लग्न लावणार होती का?"

तो धावत तिच्या घरी गेला. दारातच तिची मावशी तांदूळ निवडत होती. तिने त्याला डोक्यापासून पायापर्यंत निवडलं. "हाच का तो, शिकलेला?"

आतून ती बाहेर आली, त्याच्या हातांकडे पाहत. "कोथळो कुठाय?"

"नोंदला गेला. आता बाहेर काढायला समितीची परवानगी... पण मला कळलंय! तेच सांगायला आलो."

"सांगणारे पुष्कळ भेटतात हो. मी शिवलं होतं. तो हातात घेऊन या, मग बोलू."

कपाटाची किल्ली त्याच्याच खिशात होती. आठवडाभर तो रोज कपाटापुढे उभा राहिला, एकदा तर कुलूपही काढलं. पण प्रामाणिकपणा हा त्याचा जुना आजार. कुलूप पुन्हा लावून त्याने तीन प्रतींत अर्ज केला.

तिने पावसाळाभर वाट पाहिली. मग टँकर चालवणाऱ्या एकाशी तिचं लग्न झालं. त्याला तिने काही शिवून दिलं नाही. त्यानेही मागितलं नाही.

समितीचा निर्णय दोन वर्षांनी आला: अशा सतरा पिशव्या संग्रहात आधीच आहेत, सबब सदर वस्तू अनावश्यक समजून काढून टाकावी.