दादाचं कुलूप

घाबरवायला सांगत नाहीये हं. मला स्वतःलाच हल्ली काही वाटत नाही, तुम्हाला काय घाबरवणार!

मी वीज कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये असते. गेल्या पुरात माझा दादा, लाइनमन, हातानं स्विच पाडायला गेला आणि वाहून गेला. मग खांबाखांबावर सेन्सर आले. पाणी चढलं की लाइन आपोआप बंद, ओसरलं की मी स्क्रीनवरून चालू करायची. पद्धत एकच जुनी राहिली. लाइनवर काम करणाऱ्यानं आपलं कार्ड लावून सिस्टिममध्ये लाइनला कुलूप घालायचं, म्हणजे ती चालूच होत नाही, आणि त्यानंच ते काढायचं. "माझं कुलूप देव आला तरी काढायचं नाही," दादा दम द्यायचा.

यंदा पुन्हा पूर आला. दुपारी पाणी ओसरलं, सेन्सर सगळं कोरडं दाखवू लागले. एकेक लाइन चालू झाली, आमच्या वस्तीची तेवढी होईना. स्क्रीनवर कुलूप होतं. कार्ड दादाचं, त्याच्याबरोबरच वाहून गेलेलं.

साहेब म्हणाले, "जुनं काहीतरी अडकलं असेल. काढून टाक."

तेवढ्यात वहिनीचा फोन. "बाबांच्या श्वासाच्या मशीनची बॅटरी संपत आलीय गं... लवकर कर."

बोट बटणावर होतं, दाबवेना. एसीची घरघर चालू होती आणि बंद खोलीत कुठून तरी चिखलाचा वास येत होता. रडू येईल असं वाटलं, तेही आलं नाही. मी आधी लाइनमनला वस्तीत पिटाळलं.

त्याचा फोन आला तेव्हा आवाज पार बसला होता. "ताई, तार तुटून तुमच्या दारातल्या पाण्यात पडलीय. वहिनी त्याच पाण्यात उभ्या होत्या... चालू केली असतीत तर..."

खांबावरच्या सेन्सरला आमच्या दारातलं डबकं काय दिसणार!

"जोड आधी," एवढंच मी म्हणाले.

तार जोडून तो खाली उतरला आणि स्क्रीनवरचं कुलूप आपोआप गेलं. मी लाइन चालू केली, वहिनीला फोन लावला. बॅटरी संपून बराच वेळ झाला होता.

"मशीन बंद पडलंच नाही," ती कुजबुजली. "बाबा म्हणतात... त्यानं धरून ठेवलं होतं."

बाबा वाचले. पुढे डॉक्टर म्हणाले, आता मशीनची गरज नाही. वहिनीनं प्लग काढला. मशीन चालूच राहिलं. अजून चालू आहे. प्लग खाटेखाली पडलेला असतो, ओला.

बाबांना झोप नाही. "पोरी, दमला असेल गं तो," म्हणतात. "त्याला सांग... आता सोड."

मी वहिनीकडे बघते, ती मान खाली घालते. सोड म्हटलं तर दादा कायमचा जाईल. आमच्या दोघींच्या तोंडून तो शब्द निघत नाही.

मग ती फडकं घेते आणि प्लगखालचं पाणी पुसते. रोज थोडं जास्तच असतं.