मुदपाकखान्यातल्या बाई

मला वाटलं होतं, कुंभकोणमला उतरले की मुलं माझ्याभोवती गोळा होतील. आठव्या वर्षी वडिलांनी, पांडुरंगरावांनी, मला मामाकडे पुण्याला शिकायला पाठवलं होतं. चौदा वर्षांनी मी परतले ती ट्रंकभर मराठी पुस्तकं घेऊन. तंजावरच्या मराठी राजांबरोबर येऊन तीनशे वर्षं इथं नांदलेली आपली माणसं. त्यांच्या मुलांना शुद्ध मराठी शिकवायची, बाकी काही नको, असं वेड डोक्यात होतं.

आणि मिळाला काय, तर चिडीचूप वर्ग. जूनमध्ये एकोणीस मुलं होती, जानेवारीत अकरा उरली. घरी ती भडाभडा बोलत, माझ्यासमोर तोंडाला कुलूप. कारण ती बोलली की मी सुधारायची. वहीत लाल शाई, वर्गात 'असं नाही म्हणायचं'. माझ्यामागे ती मला 'पुणे टीचर' म्हणत, हे मला माहीत होतं.

मुख्याध्यापक वैद्यनाथ सर भला माणूस. आमच्या शाळेत दर शुक्रवारी प्रार्थनेनंतर बातम्या वाचत: कुणाची ताई नर्स झाली, कॅरममध्ये कोण जिंकलं, चोळपुरमला कुणाची गाय व्याली. सरांनी मला हसतच सांगितलं की गुरुवारी मुलांना तंजावरचं संग्रहालय दाखवून आणा, आणि शुक्रवारी त्यांतल्या एकानं सहलीची बातमी मराठीत सांगावी. कुणी उभं राहिलं तर वर्ग चालू. नाहीतर त्या खोलीत शिवणयंत्रं येतील. ही गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालची.

बसमध्ये मुलं तमिळ गाण्यांच्या भेंड्या खेळली. वाटेतलं सुंदरपेरुमाळ कोयिल गाव मागे पडेपर्यंत चिंचभाताचे निम्मे डबे रिकामे झाले. संग्रहालयात पंचधातूच्या मूर्ती पाहिल्या, पालख्या पाहिल्या, वर्गातल्या खोडकर व्यंकोबानं एका दगडी द्वारपालासारखे डोळे वटारून सगळ्यांना हसवलं. मी विचारलं, उद्या बातमी कोण सांगणार? सगळे आपापल्या चपला पाहू लागले.

शेवटच्या खोलीत राजवाड्याच्या मुदपाकखान्यातली भांडी होती. दोरीपलीकडे काहिली, हंडे, माणूस बसेल एवढी तांब्याची पातेली. आम्ही आत शिरलो आणि वीज गेली, तशी घाबरून दोघंतिघं घरच्या बोलीत काहीतरी पुटपुटली.

भरदुपारी एवढा काळोख मी पाहिला नव्हता. वर एका झरोक्यातून बोटभर उजेड येत होता, तोही खालपर्यंत पोचत नव्हता. आधी वटवाघळांचा वास आला. मग त्यावर दुसरा, अगदी ताजा... तुपात परतलेल्या मेथीचा.

"तूं कोणाची गे?"

काळोखातून एक बायकी आवाज पुढे उभ्या असलेल्या माझ्या वर्गातल्या कृष्णवेणीला विचारत होता. कुणी दचकलं नाही. आमच्यात घराबाहेर सगळे तमिळच बोलतात. परक्या जागी जो मराठी बोलेल तो कुणाचातरी नातेवाईकच असणार. मलाही वाटलं, कृष्णवेणीच्या घरचं कुणी आलं असेल. कृष्णवेणीनं सांगितलं, मी लक्ष्मीनारायणांची. तशी काहिलीशेजारी पाय पसरून बसलेली एक नऊवारीतली बाई अंधूक दिसू लागली. मग तिनं एकेकाला विचारलं, कोणाचा, घरी आज काय रांधलं, हिंग कुटून घालता की विरघळवून. माझी मुकी मुलं एकमेकांना ढकलून उत्तरं देऊ लागली. मुलं जितकी बोलत, तितकी ती बाई स्पष्ट होत गेली. हातातली पाटली दिसली, कपाळावरचं कुंकू दिसलं.

मी पुढे झाले आणि माझ्या स्वच्छ मराठीत विचारलं, आपण कुणाबरोबर आलात? तिनं मान वळवलीच नाही. माझा आवाज तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. व्यंकोबाला कोण आनंद झाला. त्यानं माझं वाक्य त्याच्या घरच्या बोलीत तिला ऐकवलं, वर माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या.

"मी इथलीच," ती म्हणाली. "ह्यांचं बोलणं कानीं पडलं, म्हणून उठलें."

तेवढ्यात कृष्णवेणी काहीतरी बोलली आणि सवयीनं माझ्या तोंडून गेलं, असं नाही म्हणायचं. मुलं गप्प झाली.

काहिलीशेजारी नुसता काळोख उरला. त्या काळोखातून, हळू, चाचपडल्यासारखा आवाज आला...

"लेकरांस गप करूं नको गे. तीं गप झालीं कीं मला दिसत नाहीं..."

दिवे आले. दोरी जागच्या जागी होती. पलीकडच्या फरशीवर धुळीचा जाड थर, त्यावर पाऊल सोडा, मुंगीचाही माग नव्हता. पहारेकरी म्हणाला, सकाळपासून तुम्हीच पहिले.

परतताना बसमध्ये अकराही जण मराठीत भांडत होते. प्रत्येकाचं म्हणणं, ती दुसऱ्या कुणाची तरी आत्या. ड्रायव्हरनं वळून विचारलं, यांना आज काय खायला घातलं? मी खिडकीला डोकं टेकून हसत होते, पण डोळ्यांसमोर ती धुळीची फरशी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, प्रार्थना संपल्यावर एक मिनिटाचं मौन असतं. दोनशे मुलं डोळे मिटून उभी होती. पटांगणात कावळाही ओरडत नव्हता. माझ्या मागच्या रिकाम्या व्हरांड्यात मेथीचा वास आला. मग अगदी कानाशी...

"कुठं गेलीं गे सगळीं? इथं कोण आहे? तूं कोणाची?"

मी पुण्याला जायच्या आधी घरी आई जसं बोलायची तसं बोलायला जीभ वळेना. पण मी तेव्हाच ठरवलं, आता कुणाची बोली सुधारायची नाही. मौन मोडून, हळूच, आईच्याच बोलीत म्हणाले, मी पांडुरंगरावांची मंगला.

मागे समाधानाचा सुस्कारा ऐकू आला. मग तोच आवाज, पाठ फिरवून, आणखी कुणालातरी म्हणाला, "या गे... इथं आहेत."

व्हरांड्याच्या फरशीवर पाटल्या किणकिणल्या. एकीपाठोपाठ एक, कितीतरी जणी खाली बसल्या.

बातमी सांगायला व्यंकोबा आणि कृष्णवेणी दोघं धावली, हातवारे करत त्यांच्याच बोलीत बोलली, आणि शाळा पोट धरून हसली. मी एकही शब्द सुधारला नाही. टाळ्या संपायच्या आत मी वैद्यनाथ सरांना गाठलं. वर्ग आता रोज भरेल, म्हटलं, आणि मला मोठी खोली द्या.

सर म्हणाले, "अकरा मुलांना मोठी खोली कशाला, टीचर?"

मी त्यांना एवढंच सांगितलं की बसायला जागा लागेल.