पाहुणी म्हणून चालवून पाहा

लिफ्टचं दार मिटता मिटता तिने पाय आडवा घातला. उघडा लॅपटॉप एका हातावर परातीसारखा तोललेला, आणि डोळ्यांत ठिणग्या. आत एकच माणूस होता, काखेत कीबोर्ड धरून.

"कितवा मजला?" त्याने विचारलं.

"माझ्या स्क्रिप्टचं वाटोळं करणारा नवा तपासनीस जिथे बसतो, तो."

"मग चौथा. मीही तिथेच चाललोय... म्हणजे, मीच तो."

तिचे कान तापले. पण माघार घेईल तर ती कसली! ऑफिसात तिला उगाच 'बाईसाहेब' म्हणत नसत.

"स्क्रिप्टला हात लावायला कुणी सांगितलं होतं?"

"हात नाही हो लावला. नुसती चालवली."

आणि तो हसला. हसू बरं होतं, हेच तिला जास्त झोंबलं.

त्या ऑफिसात रुग्णवाहिका धाडणारा प्रोग्रॅम बनत असे. त्याचे सुटे भाग जोडून पक्का प्रोग्रॅम तयार करायचा, त्याला बिल्ड म्हणत. आजवर मोठ्या मॅडम एकेक आज्ञा टाइप करून ते हातानेच करत आल्या होत्या. बाईसाहेबांनी त्या साऱ्या आज्ञा एका स्क्रिप्टमध्ये ओवल्या. एकदा चालवली की काम फत्ते! पण तिच्या कॉम्प्युटरवर खऱ्या वापराचं बिल्ड निघे, आणि चौथ्या मजल्यावरच्या सामाईक कॉम्प्युटरवर मात्र सरावाचं. सरावाच्या बिल्डमध्ये हाक जाते, पण गाडी जागची हलत नाही.

मॅडमनी बजावलं होतं, "संध्याकाळपर्यंत दोन्हीकडे सारखं निघालं, तर स्क्रिप्ट कायमची. नाहीतर मी आहे आणि माझी बोटं आहेत."

म्हणून दोघं शेजारी शेजारी बसले. फायली ताडून पाहिल्या, अगदी तंतोतंत. जोडणीची साधनंही तीच. खिडकीचा पडदा वाऱ्याने सारखा तिच्या केसांवर येत होता, आणि तो सारखा बाजूला करत होता... पडदा.

तेवढ्यात ताईचा फोन आला. "जेवलीस का गं?"

"नाही. एका आगाऊ माणसाबरोबर अडकलेय."

"दिसायला कसाय?"

"ताई!" तिने फोन ठेवला. तो कीबोर्डकडे बघत गालात हसत होता. ताईचा आवाज मेला मुळातच खणखणीत.

"तुमचा सामाईक कॉम्प्युटरच बिघडलाय," ती म्हणाली.

"असेल. एक करा. तुमच्याच कॉम्प्युटरवर एक नवं, कोरं अकाउंट उघडा, आणि स्क्रिप्ट त्यातून चालवा. स्वतःच्याच घरी पाहुणी म्हणून जायचं."

"आणि निघालं नीट तर?"

"तर सगळ्यांसमोर तुमची माफी मागेन."

तिने मोठ्या ऐटीत अकाउंट उघडलं, स्क्रिप्ट चालवली, हाताची घडी घालून बसली. आणि समोर आलं — सरावाचं बिल्ड. तिच्याच कॉम्प्युटरवर!

मग तिला आठवलं. फार पूर्वी, रोज रोज टाइप करायचा कंटाळा म्हणून, 'खरा वापर' ही सूचना तिने आपल्या अकाउंटच्या सुरुवातीलाच लिहून ठेवली होती. ती तिथून स्क्रिप्टला आपोआप मिळे. जिथे ती नसे, तिथे स्क्रिप्ट बिनबोभाट सराव धरून पुढे जाई.

तो हळूच म्हणाला, "सामाईक कॉम्प्युटरवरही ती ओळ टाकली, की जमेल. कुणाला कळायचंही नाही."

तिने मान ताठ केली. "आणि उद्या तिसरा कॉम्प्युटर आला, तर? रुग्ण रस्त्यावर, आणि गाडी सरावात? माझी स्क्रिप्ट कुबड्या घेऊन चालणार नाही."

ती भराभर लिहू लागली. अकाउंटमध्ये आधीपासून ठेवलेलं स्क्रिप्टने मानायचंच नाही. खरं की सराव, ते चालवणाऱ्याने दर वेळी सांगायचं. नाही सांगितलं, तर जागच्या जागी थांबायचं, आणि का थांबली तेही बोलायचं.

संध्याकाळी सगळे जमले. सांगायची गरज नव्हती, तरी ती उभी राहिली.

"चूक सामाईक कॉम्प्युटरची नव्हती. माझी होती. आणि दुरुस्तीही माझीच आहे."

मॅडमनी 'खरा वापर' सांगून दोन्हीकडे चालवून पाहिली. मग, मुद्दाम, स्वतःच्या कॉम्प्युटरवर. तिन्हीकडे एकच, खऱ्या वापराचं बिल्ड. त्यांनी चष्मा काढला. "माझी बोटं सुटली गं बाई. आजपासून तुझीच स्क्रिप्ट."

टाळ्यांत सगळ्यांत मोठी टाळी कुणाची, ते तिने न वळताच ओळखलं.

बाहेर रस्त्यावर दिवे लागले होते. तो फाटकाशी रेंगाळत होता.

"माझ्यावर हसायला थांबलात?"

"नाही. तुम्ही उभ्या राहिलात ना... तेव्हा छाती फुगली माझी."

"तुमची? स्क्रिप्ट माझी, चूक माझी. तुमची छाती का फुगावी?"

"तेच मघापासून स्वतःला विचारतोय." तो थांबला. मग एका दमात म्हणाला, "परक्या माणसाचा इतका अभिमान कुणाला वाटतो का हो?"

तिचे कान पुन्हा तापले. तरी मान खाली गेली नाही. तसंच ताठ, सरळ त्याच्या डोळ्यांत बघत ती म्हणाली,

"मग परका राहू नकोस ना. आणि चल आता, भूक लागलीय मला."