सहा वीत उडालेले दाणे

तपकीरने शू करायला चौथी नवी जागा शोधली, तेव्हा अख्ख्या वसाहतीत भोंगा वाजला.

तपकीर म्हणजे आमची मांजर. रंगाने तपकिरी, वयाने अकरा वर्षांची आणि चंद्रावर राहणारं एकमेव मांजर. चंद्रावरच्या आमच्या ‘कातळ’ वसाहतीत एकशे चाळीस माणसं आहेत आणि त्यांत मुलं फक्त सहा. मुलं इथे रमावीत म्हणून एखादा पाळीव प्राणी आणायचं ठरलं, आणि तीन महिन्यांपूर्वी आम्ही आलो तेव्हा आमच्यासोबत चिपळूणहून तपकीरही आली. तिची निवड झाली ती तिच्या शहाणपणामुळे. अकरा वर्षांत तिने एकदाही लिटर बॉक्सच्या (मांजराने शू-शी करावी म्हणून घरात ठेवलेल्या दाण्यांच्या पेटीच्या) बाहेर शू केली नव्हती.

आणि इथे आल्यावर बाईसाहेबांनी ताळतंत्रच सोडलं. आधी आईची गुंडाळून ठेवलेली गोधडी. मग दारातलं पायपुसणं. मग हरितगृहातला रोपांचा वाफा. आणि आज चौथी जागा, हवायंत्राच्या खोलीतला तारांचा जुडगा. शू तारांच्या सांध्यात झिरपली, एक संवेदक (हवेतला बदल ओळखणारं उपकरण) बंद पडला आणि भोंगा सुरू झाला. सगळे भरल्या ताटावरून उठून धावले.

वसाहतीच्या प्रमुख मोहोडकाकू अमरावतीच्या. त्यांनी आधी तार दुरुस्त करून घेतली, मग आमच्या खोलीत आल्या.

“शर्वाणी, मले काय मांजराचा राग आहे का गं? पण हवायंत्र बंद पडलं तर एवढ्या माणसांनी श्वास कशाचा घ्यायचा? बारा दिवसांनी मालवाहू यान पृथ्वीवर परत चाललंय. तपकीरला त्यात पाठवू.”

आई इथली डॉक्टर आहे. ती म्हणाली, “मोहोडबाई, परत जाताना पृथ्वीच्या हवेत शिरलं की शरीरावर पाच-सहा पट भार येतो. येताना नुसत्या उड्डाणाच्या ताणाने ही तीन दिवस निपचित पडली होती. तिचं हृदय आता म्हातारं झालंय. ती धडधाकट उतरेल असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.”

मोहोडकाकूंनी तपकीरकडे बघितलं. मला राग आला की आधी माझे ओठ घट्ट मिटतात.

“तिने शू पेटीत करायला सुरुवात केली तर?” मी विचारलं.

“सलग तीन दिवस बाहेर एक थेंब नाही सांडला, तर राहील. पण यान निघायच्या आत.”

“ठरलं,” मी म्हटलं.

लगेच सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. कोणी म्हणालं, ती मुद्दाम करतेय, तिला इथे आणल्याचा सूड उगवतेय. कोणी म्हणालं, तिचं नाक त्यात घासा, म्हणजे कळेल. नाक घासायला सांगणाऱ्या दादाकडे मी असं बघितलं की तो दोन दिवस माझ्या वाटेला गेला नाही. सूड उगवायला आदल्या दिवशी ठरवावं लागतं, आणि तपकीर तर ताटलीतला मासा संपला की तो होता हेही विसरते.

आईने मात्र कामाचं सांगितलं. “मांजर अचानक पेटीबाहेर शू करायला लागलं की सगळ्यात आधी आजार तपासायचा. खडा असेल, आत दाह होत असेल, तर पेटीत बसलं की दुखतं, आणि त्याला वाटतं पेटीच दुखवतेय.”

आई माणसांची डॉक्टर. म्हणून तिने तपासणीचे आकडे पृथ्वीवरच्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे पाठवले. उत्तर आलं की खडा नाही, जंतू नाहीत, मांजर ठणठणीत आहे. मग आम्ही चारही जागा विकरांनी धुतल्या. विकर (मोठ्या रेणूंचे बारीक तुकडे करणारे, सजीवांच्या शरीरात तयार होणारे पदार्थ) मांजराच्या शूचा वास मुळापासून तोडतात. साध्या साबणाने आपल्या नाकाला जागा स्वच्छ वाटते, मांजराच्या नाकाला नाही, आणि जुना वास तिला पुन्हा तिथेच बोलावतो. तपकीरला आमच्या खोलीत ठेवलं, आणि मी टिपणीसला मदतीला बोलावलं.

टिपणीस हा वसाहतीतल्या सगळ्या नोंदी ठेवणारा यंत्रमानव. उंचीने माझ्या कमरेएवढा, बोलायला जुन्या शाळामास्तरांसारखा. त्याला सगळं दिसतं, पण विचारल्याशिवाय तो एक अक्षर सांगत नाही.

“टिपणीस, आपण एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशामुळे फरक पडला ते कळणार नाही.”

“योग्य पद्धत,” तो म्हणाला. “नोंद सुरू करतो.”

पहिले दोन दिवस फक्त जागा बदलली. पेटी पंपाच्या घरघरीपासून लांब, शांत कोपऱ्यात नेली. तपकीर कधी नाइलाजाने आत जायची आणि कधी सरळ पायपुसण्यावर. मग पेटी दिवसातून एकदाऐवजी तीनदा साफ केली. तरी पायपुसणं ओलंच. चार दिवस संपले. आठ उरले.

पाचव्या दिवशी मी पेटीचं झाकण काढलं.

हे झाकण मोठ्या माणसांनीच बसवलं होतं, कारण पेटीतले दाणे खोलीभर पसरायचे. ते दाणेही खास होते. आमच्या वसाहतीला एक खोड आहे. पृथ्वीवरून येणारी प्रत्येक वस्तू हलकी करायची. चमचे पोकळ, खुर्च्या पोकळ, एवढंच काय, लोणच्याच्या फोडीसुद्धा वाळवलेल्या. तसे मांजराचे दाणेही मातीत हवा भरून लाह्यांसारखे फुलवलेले होते. सगळ्यांना त्याचं फार कौतुक होतं.

मी पोटावर झोपून पाहत राहिले. तपकीर पेटीत शिरली. तिने उकरायला सुरुवात केली, एकदा, दोनदा, तीनदा. दाणे उडाले आणि उडतच राहिले. माझ्या डोक्याच्याही वर गेले, तिथे रेंगाळले, आणि ती शू करायला बसते न बसते तोच तिच्या कानांवर, डोळ्यांवर, मिशांवर पडायला लागले. तिने डोकं झटकलं, आणखी दाणे उडाले, आणि ती टुणकन बाहेर पडली.

मला एकदम रडूच आलं. तीन महिने ही बिचारी झाकणाखाली बसायची, वरून आदळून परत आलेले दाणे अंगावर झेलत. आम्ही आमचा पसारा आवरायला झाकण लावलं होतं, आणि वर तिलाच बेशिस्त म्हणत होतो.

“टिपणीस! हे तुला दिसत नव्हतं?”

“दिसत होतं. आपण विचारलं नव्हतं.”

त्याला काही बोलण्यात अर्थ नव्हता. मी त्याला दाणे किती उडतात ते मोजायला लावलं. त्याने सांगितलं, “याच पंजाने, याच वेगाने पृथ्वीवर साधी वाळू उकरली असती, तर ती सुमारे एक वीत उडून अर्ध्या सेकंदाच्या आत खाली पडली असती. इथे हे दाणे पाच वीत उडतात आणि सव्वादोन सेकंदांहून जास्त वेळ हवेत राहतात.”

कारण मला माहीत होतं. चंद्राचं गुरुत्वाकर्षण (वस्तूला आपल्याकडे ओढण्याचा जोर) पृथ्वीच्या साधारण एक षष्ठांश आहे. म्हणूनच मी इथे जिन्याच्या पाच पायऱ्या एका उडीत चढते. मग उपाय सोपाच होता. दाणे हलके म्हणून उडतात, तर जड दाणे आणायचे! सहाव्या दिवशी मी कार्यशाळेतून मोहरीएवढे लोखंडी दाणे मागून आणले, पेटी भरली आणि ऐटीत उभी राहिले.

तपकीरने उकरलं. दाणे उडाले आणि ताडताड टिपणीसच्या डोक्यावर वाजले. तपकीर पलंगाखाली गेली ती दुपारपर्यंत बाहेर आली नाही.

“सहा वीत,” टिपणीस म्हणाला. “पाच नव्हे.”

“म्हणजे आधीपेक्षा जास्त? जड दाणे जास्त उंच कसे जातील?”

त्या दिवशी मी जेवले नाही. टिपणीसने एक हलका आणि एक लोखंडी दाणा अगदी एकाच वेगाने वर उडवून दाखवला. एकदा, दहादा, चाळीसदा. हलका दाणा दर वेळी पाच वीत, लोखंडी सहा. मग मी त्याला एकेक प्रश्न विचारत गेले.

“वर जाणारा दाणा थांबतो कशाने?”

“गुरुत्वाकर्षणाने. ते दर क्षणाला त्याचा थोडा वेग काढून घेतं. वेग संपला की दाणा परत फिरतो.”

“मग लोखंडाला चंद्र जास्त जोराने ओढत असेल ना?”

“ओढतो. पण लोखंडाचं जडत्वही (आहे त्याच गतीत राहण्याचा वस्तूचा हट्ट) तितकंच जास्त असतं. जितक्या जास्त जोराने ओढ, तितक्याच जास्त जोराने अडून बसणं. दोन्ही बरोबरीत सुटतात. म्हणून एकाच वेगाने उडालेले जड आणि हलके दाणे सारखेच उंच जातात.”

“तर मग लाह्यांसारखे दाणे पाचच वीत का?”

“त्यांना खोलीतली हवा अडवते. लोखंडी दाण्यांना ती फारशी अडवू शकत नाही.”

हट्ट म्हणजे काय हे मला कोणी समजावून सांगायला नको. तर गोष्ट अशी होती की दाणा सुटा असला की तो उडणार. जड करा, हलका करा, चंद्र त्याला सावकाशच परत आणणार. सहा दिवस हातात होते, आणि त्यातले शेवटचे तीन तर कोरडे जायला हवे होते.

सातव्या दिवशी आई म्हणाली, “तू सारखी ती कुठे जात नाही तेच बघतेयस. ती कुठे जाते ते बघ की.”

मी वहीत चारही जागा पुन्हा लिहिल्या. गोधडी. पायपुसणं. तारांचा जुडगा, ज्याच्यावर विणलेलं जाळीचं वेष्टण आहे. हरितगृहातला वाफा. गोधडी उकरली तर काय उडतं? काहीच नाही. पायपुसण्यातून? काहीच नाही. विणलेल्या वेष्टणातून? नाही. आणि वाफा? चंद्रावर काळी माती नाही, आमची रोपं नारळाच्या काथ्यात वाढतात. काथ्याचे धागे एकमेकांत अडकलेले असतात. उकरलं तर ते सरकतात, पण सुटून उडत नाहीत.

तपकीरने तीन महिने आम्हाला उत्तर लिहून दिलं होतं, आणि आम्ही ते पुसत बसलो होतो.

मी हरितगृहात अक्षरशः उड्या मारत गेले. तिथले फडतरेकाका साताऱ्याकडचे. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

“न्हाई पोरी. ह्यो काथ्या पृथ्वीवरनं येतो. एकेका ओंजळीत एकेक टोमॅटोचं झाड हाय माझं. त्या मांजरीनं आधीच एक वाफा नासवलाय.”

“काका, नवा नको. तीन पिकं घेऊन झालेला, टाकायचा काथ्या द्या.”

“त्यो भुगा झालेला असतोय.”

“मग लांब धाग्यांचा निवडून घेईन. मी स्वतः बसून निवडेन.”

त्यांनी दोन टोपल्या माझ्यासमोर ओतल्या. मी आणि टिपणीस दिवसभर धागे निवडत बसलो. बोटं सोलवटली. आईने काथ्या भट्टीत तापवून जंतू मारले, मी तो पेटीत तळहाताएवढ्या थराने पसरला, हलकेच ओलावला, आणि झाकण कपाटात कायमचं टाकून दिलं.

आठव्या दिवशी तपकीरने पेटी हुंगली, आणि सरळ पायपुसण्यावर गेली.

मी ओठ घट्ट मिटले, पायपुसणं विकराने धुतलं आणि तिथेच ठेवलं. ते काढलं असतं तर ते दोन बदल झाले असते.

नवव्या दिवशी सकाळी ती पुन्हा पेटीपाशी आली आणि आत शिरली. एकदा उकरलं. थांबली, वर बघितलं. काहीच पडलं नाही. दोनदा उकरलं, पुन्हा वर बघितलं. मग शांतपणे बसली, डोळे अर्धवट मिटले, शू केली, आणि काथ्या ओढून ओढून ती अशी झाकली जणू चिपळूणच्या परसात आहे. टिपणीस म्हणाला, “पेटीत त्रेचाळीस सेकंद. ही नोंद मी कोणी न मागता करतो आहे.”

नववा दिवस कोरडा गेला. दहावाही. अकराव्या दिवशी दुपारी पायपुसणं ओलं दिसलं आणि मी वाकून हुंगलं, तर ते आईच्या हातून सांडलेलं ताक निघालं.

बाराव्या दिवशी यान निघायच्या तासभर आधी मोहोडकाकू आल्या. त्यांनी नोंदी वाचल्या, गुडघ्यांवर बसून पायपुसणं स्वतः हुंगलं आणि तपकीरला पेटीत जाऊन येताना पाहिलं. मग त्यांनी यानाच्या यादीतलं तिचं नाव खोडलं. मी तपकीरला इतकं घट्ट धरलं की ती चावली.

“आमचंच चुकलं,” काकू म्हणाल्या. “वस्तू हलकी केली, अन् वापरणाऱ्याला कशी वाटते ते विचारलंच नाही.”

“तिला विचारता येत नाही, काकू. बघावं लागतं.”

खिडकीतून यान वर जाताना दिसलं, पाहता पाहता ठिपक्याएवढं झालं. काकू तरी उठेनात. त्यांच्या मनात काहीतरी होतं.

“शर्वाणी, एक सांगू? पुढच्या यानातून वीस कोंबड्या येणार आहेत, अंड्यांसाठी. अन् कोंबड्या तर धुळीत लोळून अंघोळ करतात, दिवसभर पायांनी उकरत राहतात. वीस कोंबड्यांची धूळ सहा वीत उडाली तर काय करायचं, सांग बरं.”

सुरुवात कुठून करायची ते मला माहीत होतं. मी वहीचं नवं पान उघडलं आणि टिपणीसला म्हटलं, “पृथ्वीवरच्या एखाद्या कोंबडीचं उकरणं मला दाखव. अगदी सावकाश.”