पांगाऱ्याचं विमान

चौऱ्याहत्तर सालच्या हिवाळ्यात, वाशीमच्या बाजारात, ज्ञानचंदच्या कापडदुकानात भागिरथानं त्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो मलमलीला तोंड लावून फुंकत होता. उंच, सावळा, कपाळावर केसांची एक बट... आणि गाल असे फुगवलेले, जणू चूलच पेटवतोय! भागिरथाला हसू आलं. ते तिनं पदराआड दडवलं.

“हवा पार होऊन राह्यली,” तो कुरकुरला. “याच्याहून घट्ट विणीचं दाखवा.”

“एवढं घट्ट कायले पाह्यजे?” भागिरथाच्या तोंडून निघूनच गेलं.

त्यानं वळून पाहिलं. नजर गरजेपेक्षा थोडी जास्तच थांबली.

“पंखांले.”

“कोंबडीच्या का?”

“नाही... कोंबडी कुठं पाण्यावर उतरते!”

कापडाची गुंडाळी काखेत मारून, हसत हसत तो गेलासुद्धा. ज्ञानचंद मान डोलावत म्हणाले, “ओळखलं नाही का बाई? रिठदचा इंद्रभान. पायलट हाये म्हणतात.”

भागिरथा चमकली. येत्या रविवारी तिला पाहायला येणारं स्थळ ते हेच! इंद्रभानच्या रामरावमामांनी आणलेलं. “पोरगा विमान चालवते, विमान!” असं मामा साऱ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगून गेले होते. आणि या पायलटच्या नखांत तर सुताराचा सरस वाळलेला होता.

भागिरथा संशयी होती, असं लोक म्हणत. असेलही! पण तिच्या थोरल्या बहिणीचं, बेबीताईचं लग्न ठरलं, तेव्हा नवरदेव पाटबंधाऱ्याच्या कामावर ओव्हरसियर होता. लग्नानंतर कळलं, तो ओव्हरसियरच्या घरी पाणी भरत होता. पाणी भरण्याचं दुःख कोणालाच नव्हतं हो. पण ते झाकायला त्यानं दुसरं खोटं सांगितलं, दुसरं झाकायला तिसरं... आणि आता बेबीताई माहेरी परतली होती, कोणाच्याही बोलण्यावर विश्वास न उरलेली. भागिरथानं मनाशी पक्कं केलं होतं, आपण डोळे उघडे ठेवूनच हो म्हणायचं. नाहीतर नाहीच म्हणायचं.

ती रिठदच्याच शाळेत शिकवत होती. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर वाशीमची गाडी यायला अवकाश होता. तिची पावलं आपोआप इंद्रभानच्या घराकडे वळली. आपोआप कसली, चांगली ठरवून!

दारात त्याची आई केशरबाई तूर पाखडत बसली होती. तिनं भागिरथाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि गालातल्या गालात हसली. “मागच्या टिनाच्या खोलीत हाये तो. जा बाई, मी अठीच बसली हावो.”

खोलीत पाऊल टाकलं आणि भागिरथा जागीच थबकली. मधोमध एक खुर्ची, तिच्यासमोर जमिनीतून वर आलेली लोखंडी दांडी. दांडीपासून सायकलच्या ब्रेकच्या तारा निघून पुढं एका खांबावर गेलेल्या, आणि खांबाच्या टोकावर... विमान! हातभर लांब, मलमलीच्या पंखांचं. पण पोट मात्र नावेसारखं, आणि त्या नावेच्या दोन्ही बाजूंना चाकं. खाली एका बाजूला पाण्यानं भरलेली परात, दुसऱ्या बाजूला लिपून काढलेली जमीन.

“हे विमान हाये का डोंगा?” तिनं विचारलं.

इंद्रभान दचकला, मग ओळख पटताच त्याचे कान लाल झाले. “दोन्ही. जुन्या काळचं हाये, मास्तरीणबाई. तळ्यावरबी उतरे अन् जमिनीवरबी. नागपूरचे एक म्हातारे कॅप्टन तरुणपणी असं चालवत. तेच करून घेऊन राह्यले माह्याजवळून. पोरांनी खुर्चीत बसून शिकावं, म्हणून. लाकूड पांगाऱ्याचं हाये, हलकं.”

“म्हणजे ज्याचा पाण्यावरबी भरवसा नाही अन् जमिनीवरबी नाही, असं.”

“म्हणजे ज्याले दोघंबी घरात घेतात, असं,” तो हळूच म्हणाला. “बसून पाहता?”

ती बसली. दांडी हातात घेतली. तो मागं उभा होता, अंतर राखून, तरी त्याच्या अंगाचा सरसाचा आणि ताज्या लाकडाचा वास तिला येत होता. दांडी डावीकडे... विमान डावीकडे कललं. उजवीकडे... उजवीकडे. अगंबाई! दांडी जराशी पुढं गेली, तसं विमान नाक खाली करून थेट परातीवर झेपावलं.

“हो... हो... हो!” करत भागिरथानं दांडी छातीशी ओढली. विमान उसळलं ते टिनाच्या छतावरच आदळलं.

इंद्रभान खो खो हसत सुटला. “सारं गाव हेच करते! कासरा ओढला का बैल थांबते, म्हणून समदे दांडी ओढतात. अन् विमान ओढलं का चढते! पण वेग मरून विमान खाली पडून राह्यलं, तर दांडी पुढं लोटा लागते, तवाच पंखांले हवा भेटते. ओढली का मेला! पायलटच्या हाताले तशी सवयच असते. कितीबी भेव वाटलं, तरी हात पुढंच जाते.”

“असं का?” भागिरथा उठली. “मंग तुमी बसा.”

तो बसला. विमान कसं झोकात घिरट्या घालायला लागलं! वळलं, कललं, परातीकडे अलगद उतरायला लागलं...

“साप! पायाजवळ!” भागिरथा किंचाळली.

इंद्रभाननं दोन्ही हातांनी दांडी गच्च छातीशी ओढली. विमान पुन्हा छतावर!

साप कुठला आणि काय! भागिरथा हाताची घडी घालून त्याच्याकडे बघत होती. तिला हसू येत नव्हतं. उलट रडू येईल की काय, अशी भीती वाटत होती, कारण हा माणूस तिला आवडला होता. भलताच आवडला होता.

“तुमी पायलट नाही,” ती म्हणाली. “भेव वाटलं अन् हात मागंच गेला.”

तो पंखाला पडलेली चीर चाचपायला लागला. “नाही. मी विमानात कधी बसलोबी नाही. विमान शिकवतात तिथं अशी खुर्ची असते, ते दुरुस्त कराचं काम होतं मले. मामांनी पायलट केलं... मी म्हटलं, राहू द्या. तुमाले शाळेत जाताना पाह्यलं होतं. वाटलं, खुर्चीवाल्याले कोण देईन?”

“अन् लग्न झाल्यावर?”

त्यानं खुर्चीतून उठून विमान खांबावर सरळ केलं.

“रविवारी या,” भागिरथा दाराशी पोचून म्हणाली. “पण सगळ्यांसमोर सांगा. मामाच्या देखत. नाही सांगितलं, तर मी नाही म्हणीन. अन् सांगितल्यावर बाबानं उठवलं... तर ते तुमचं नशीब.”

रविवार उजाडला. ओसरीवर सतरंजी, पोह्यांच्या बशा, दोन्हीकडची चार-चार माणसं. भागिरथा खाली मान घालून बसली होती, पण तिचे कान तेवढे सतरंजीवर होते. रामरावमामा रंगात आले होते. “आमचा पायलट—”

“मामा, थांबा.” इंद्रभान उभा राहिला. “मी पायलट नाही. विमानाची खुर्ची दुरुस्त करत होतो. आता विमानाचे नमुने करतो. एवढंच.”

मामांच्या हातातली बशी कलली. भागिरथाचे वडील भिवाजी ताडकन उठले. “एका लेकीले फसवलं तेवढं पुरे नाही झालं काय? उठा! आताच्या आता!”

पाहुणे चपला शोधायला लागले. इंद्रभाननं एकदाच भागिरथाकडे पाहिलं आणि तोही वळला. बघायच्या कार्यक्रमात मुलीनं विचारल्याशिवाय बोलायचं नसतं. पण ती बोलली.

“बाबा, बेबीताईचा नवरा असा उभा राह्यला होता काय? सतरंजीवर, सगळ्यांसमोर?”

दाराआडून बेबीताईच बाहेर आली, आणि किती दिवसांनी तिचा आवाज मोठा निघाला. “नव्हता बाबा. तो तर तुमच्या पाया पडून खोटं बोलला होता.”

भिवाजींनी डोळे पुसले आणि हळूहळू खाली बसले. “इंद्रभान, बस बाबू,” ते म्हणाले. “भागिरथा, तुले काही इचाराचं असन, तर आताच इचार.”

भागिरथानं मान वर केली. इंद्रभान बिचारा अजून उभाच होता.

“लई इचाराचं हाये बाबा,” ती म्हणाली. “पण त्याले जलम लागन. म्हणून... साक्षगंध करून टाका.”