याझूरचा बासिल

नागपुरात मे महिन्यात पोरगी ओळखायची ती डोळ्यांवरून. बाकी सगळं स्कार्फात. म्हणून त्या दुपारी रामदासपेठेच्या सिग्नलपाशी, काळ्यापांढऱ्या चौकटींच्या रुमालात डोकं-तोंड गुंडाळून उभी असलेली ती उंच आकृती मला आमच्या ऑफिसातली नंदिनी वाटली, तर त्यात माझं काय चुकलं? मी स्कूटी थांबवली.

"बस वं लवकर, ऊन मरणाचं आहे."

ती बसली. स्कूटी मागून जरा जास्तच दबली. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

"स्कार्फ मस्त आहे तुझा. सीताबर्डीवरून घेतला?"

"नाब्लस," मागून आवाज आला. पुरुषाचा. चांगला खर्जातला.

मी असा ब्रेक दाबला की मागच्या ऑटोवाल्यानं माझ्या सात पिढ्यांची विचारपूस केली. वळून पाहिलं, तर रुमाल खाली घसरलेला, त्यातून दाढी दिसतेय, आणि दोन पिंगट डोळे हसू दाबून माझ्याकडे बघतायत.

"तू बसला काहून?" मी विचारलं.

"तूच तर म्हटलं, बस. दोन वर्षांत या गावात मले पहिल्यांदा कोणी बस म्हटलं... मी काहून नाही म्हणू?"

परदेशी माणसाच्या तोंडी आमची बोली! ती त्याला मेसवाल्या अंजनाबाईंनी पोळीसोबत वाढली होती, हे मला पुढं कळलं. त्याचं नाव बासिल. पॅलेस्टाईनचा, नाब्लसजवळच्या निर्वासितांच्या छावणीतला, आमच्याच कॉलेजात फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला. आणि मी रोशनी, त्याच कॉलेजच्या ऑफिसात कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर. मी त्याला उतरवलं नाही. कॉलेज जवळच होतं, आणि ऊन खरंच मरणाचं होतं.

त्यानंतर त्याला माझ्या टेबलाशी रोज काही ना काही काम निघू लागलं. कधी शिक्का, कधी झेरॉक्स, कधी नुसतं "पेन आहे का?" खिशाला दोन पेनं लावलेली असायची त्याच्या. मी पण पेन द्यायची. नंदिनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय द्यायची, ते वेगळंच.

हिवाळ्यात एकदा मी संत्रं सोलता सोलता फुशारकी मारली. "असा संत्रा जगात नाही."

"आमच्या याझूरचा याच्याहून गोड," तो म्हणाला.

"खाल्ला कधी?"

"नाही."

"गाव तरी पाहिलं?"

"नाही. अठ्ठेचाळीसच्या लढाईतच गेलं, सगळ्यायले हाकललं. माझ्या आजोबाले कडेवर घेऊन निघाले होते घरचे."

"मग आमचं-आमचं काहून करून राहिला?"

त्यानं माझ्या हातातलं संत्रं घेतलं. मग म्हणाला, "आमच्या छावणीतल्या चार वर्षांच्या पोराले विचार, कुठला गा तू? तो छावणीचं नाव नाही सांगत. आजोबाच्या गावाचं सांगते. ते सोडलं तर आम्ही नुसते छावणीतले, रोशनी."

छावणीत तो आणि त्याचे मित्र म्हाताऱ्यांकडे फोन घेऊन जायचे आणि गेलेल्या गावांचं सगळं रेकॉर्ड करायचे. विहीर कुठं, शाळा कुठं, कोणाचं गाढव चावायचं. ते ऐकून इथं हॉस्टेलात हा वहीत उतरवायचा. हे सांगताना त्यानं सोललेल्या संत्र्याची एक फोड माझ्या तळहातावर ठेवली. त्याचं बोट तिथं जरा जास्तच थांबलं... मी काही हात मागं घेतला नाही.

यंदा पंधरा मेला, बासिलच्या लोकांची गावं गेली त्या दिवसाला, बारा तरुण पोरं संविधान चौकात उभी राहिली. परवानगी घेऊन, घोषणा नाही, आरडाओरडा नाही. प्रत्येकाच्या हातात एक पाटी आणि पाटीवर एका गेलेल्या गावाचं नाव. बासिलच्या पाटीवर याझूर. मी पाण्याच्या बाटल्या वाटत होते. कोणीतरी फोटो काढला, तो फिरत फिरत आमच्या कॉलेजात पोचला, आणि तिथून माझी झोप उडाली.

व्हिसा वाढवायला दरवर्षी कॉलेजचं पत्र लागायचं. यंदा ते तीस मेच्या पाच वाजेपर्यंत ऑनलाइन चढवायचं होतं. त्या पत्रात राष्ट्रीयत्वाचा रकाना असतो. त्याच्या लोकांना प्रवासापुरता जॉर्डनचा तात्पुरता पासपोर्ट मिळतो, त्याच्यावरच तो आला होता. म्हणून मागच्या वर्षी मी 'पॅलेस्टिनी, प्रवासाचा कागद जॉर्डनचा' असं टाइप केलं होतं आणि सही झाली होती. यंदा रजिस्ट्रार मार्तंड सरांनी कागद परत सरकवला.

"नुसतं जॉर्डन लिही. त्या फोटोवरून वर, संस्थेत, चर्चा चालू आहे. जॉर्डन असेल तर मी डोळे मिटून सही करतो. दुसरं काही असेल तर वर विचारावं लागेल, आणि त्यात महिना जाईल."

महिना गेला की व्हिसा संपणार. व्हिसा संपला की बासिल जाणार, शेवटचं वर्ष टाकून.

मी त्याला सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "तो जॉर्डनचा पासपोर्ट नुसता विमानात बसायपुरता आहे. मी जॉर्डनचा नाही."

"एक शब्द तर आहे गा."

"हो. एकच आहे."

असा राग आला मला! याला राहायचंय की नाही? एकोणतीस तारखेला मी कोणाला न विचारता 'जॉर्डन' टाइप केलं, सही घेतली आणि पत्र पर्समध्ये टाकलं. हुडकेश्वरच्या घरापर्यंत स्कूटीवर गाणं म्हणत गेले. तो राहणार होता, बस.

बाबा कूलरच्या खसच्या पडद्यांवर मगानं पाणी मारत होते. माझे बाबा रुपराव, रेल्वेतून निवृत्त. आजोबा छप्पनच्या दीक्षेतले, घरात बुद्धवंदना कधी चुकली नाही. बासिलचं नाव बाबांना ठाऊक होतं, त्यापुढचं त्यांनी ओळखलं होतं. मी मोठ्या तोऱ्यात पत्राचं सांगितलं. बाबांनी हातातला मग खाली ठेवला.

"त्याले विचारलं?"

"विचारलं असतं तर नाही म्हटला असता."

बाबा खाटेवर बसले. "शहाऐंशी साली रेल्वेची जागा निघाली. तवा केंद्राच्या नोकरीत बौद्ध लिहिलं की सवलत नव्हती. हिंदू लिहा, जागा घ्या. मी लिहिलं. पहिल्या पगाराचे पेढे आणले, तर तुह्या आजोबानं हात नाही लावला."

हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. "मग... चुकलं तुमचं?"

"ते मी अजून ठरवूनच राहिलो. घर झालं, तू शिकली. पण लिहिलं माह्या हातानं, लाज बी माहीच. तू त्या पोराच्या हातातला पेनच काढून घेतला वं."

सकाळी ऑफिस उघडताच मी पत्र नव्यानं टाइप केलं.

तीस तारखेला अकरा वाजता कॉलेजसमोरच्या टपरीवर मी बासिलपुढे दोन कागद ठेवले. एक सही झालेला, जॉर्डनचा. दुसरा सहीविना, पॅलेस्टिनी लिहिलेला.

"हा मी काल केला... तुले न विचारता."

त्यानं वाचला. परत वाचला. चहावर साय धरली.

"आमच्या तिकडं नाक्यावरचे सैनिक हेच करतात, मी कुठला ते तेच ठरवतात," तो शेवटी म्हणाला. "विमानतळावरचे पण. त्यायची मले सवय आहे. पण तू...?"

"मले तू इथं पाहिजे होता." मी कप बाजूला सरकवला. "दुसरं काही सुचलंच नाही. आवडते तू मले. वर्ष झालं. झालं समाधान?"

"हे सांगायले असा कागद लागला तुले?"

"तू तरी कुठं बोलला?"

"बोलणार होतो. मग फोटोचं झालं. वाटलं, जाणाऱ्या माणसानं काय बोलावं..." त्यानं जॉर्डनचा कागद माझ्या हातात दिला. "हा तू केला, तूच फाड."

मी फाडला. मग दुसरा घेऊन आम्ही सोबतच सरांकडे गेलो.

"कालचा कुठं आहे?" मार्तंड सरांनी विचारलं.

"फाडला, सर. तो मी माझ्या मनानं टाइप केला होता. त्यानं सांगितलं नव्हतं."

सर वाईट माणूस नव्हेत. त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. "वर पाठवतो. पण आजच्या आज उत्तराची आशा ठेवू नका."

आम्ही जिन्यात बसलो. दोन वाजले, साडेतीन वाजले. आत फोन वाजला की आम्ही दोघं उठून उभे राहायचो. तुमचा नाही, लायब्ररीचा फोन, असं आतूनच कोणीतरी सांगायचं. पावणेपाचला मी मनात म्हटलं, तो कागद फाडला नसता तर... आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं असावं. मी मान खाली घातली.

पाच वाजून दोन मिनिटांनी सर कागद घेऊन बाहेर आले. सहीची जागा रिकामीच होती.

व्हिसा चौदा जूनपर्यंत. म्हणजे पंधरा दिवस.

"तिथून परत अर्ज करीन," तो म्हणाला. "यावर्षीचं राहिलं तर पुढच्या वर्षी."

"आणि नाही दिला तर?"

"तर तू ये."

"मी? मले कोण येऊ देईन तिथं?"

"तुले देतील." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "तू भारताची आहे. तू याझूरले पण जाऊ शकते, रोशनी. विमानतळावरून अर्धा तास लागते म्हणतात. आमच्या छावणीतून साठ किलोमीटर आहे... मले आजवर तिकडं जायची परवानगी नाही मिळाली."

माझ्याकडे तर पासपोर्टसुद्धा नव्हता. त्याची कधी गरजच पडली नव्हती.

"तिथं काय आहे आता?" मी विचारलं.

"माहीत नाही. दुसऱ्यांची घरं असतील, रस्ते असतील. तू नुसती उभी राहा, अन् मले व्हिडिओ कॉल कर."

मी त्याचा हात धरला. जिन्यातून माणसं उतरत होती, नंदिनीही होती त्यांत. मी सोडला नाही.

मग त्याला तसाच ओढत माझ्या टेबलाशी नेलं, खुर्ची दिली, कॉम्प्युटर सुरू केला आणि माझ्या पासपोर्टचा अर्ज उघडला. नाव, जन्मगाव, बाबांचं नाव. मग नागरिकत्व. 'जन्माने' यावर टिक केली आणि पुढचं पान आलं.

"एवढंच विचारतात?" बासिल म्हणाला.

"एवढंच," मी म्हटलं, आणि मला त्याच्याकडे बघवेना.