थर्माकोल धरणारा माणूस

"तो घेऊ नका. डोळ्यांत बांगड्या दिसतील."

उल्हासनगरला कॅम्प एकमधल्या दिव्यांच्या दुकानात मी गोल रिंगलाइट हातात धरून उभी होते. मागं वळून पाहिलं. पांढऱ्या मिशा, जाड चष्मा, पावसानं भिजलेले खांदे.

"कसल्या बांगड्या?"

"मी घेतला होता ना! नातवाला पाठवायला बुलबुलतरंग वाजवतानाचा व्हिडिओ काढला, तर चष्म्याच्या दोन्ही काचांत गोल गोल बांगड्या. नातू विचारतो, आजोबा, तुमचे डोळे कुठे गेले?"

"अरे काका, धंदा करने दो ना," दुकानदार हसत म्हणाला. "भाभीजी, आपको करना क्या है?"

मी गोधड्या शिवते. सून स्वप्नाली त्यांचे व्हिडिओ मोबाइलवर टाकते. पण आमच्या चिखलोलीच्या घरात ट्यूबचा उजेड खिडकीतल्या उजेडात मिसळला की रंग फसतो. एका बाईनं तर गोधडी परतच पाठवली होती. व्हिडिओत काळी दिसली म्हणे, आली ती वांग्याच्या रंगाची! फार लागलं होतं मला ते.

"मग पांढऱ्या उजेडाचा एकच साधा दिवा घ्या," सगळं ऐकून ते मिशीवाले काका म्हणाले. "एक स्टँड, नि दिव्यापुढे पांढरी छत्री, म्हणजे उजेड मऊ पडतो. ट्यूब बंद करा, पडदा ओढा. दुसऱ्या बाजूनं थर्माकोल धरला की सावली पळते."

"आणि धरणार कोण?"

"मी आहे की! विठ्ठलवाडी डेपोत कंडक्टर होतो. तासन्‌तास उभं राहायची सवय आहे."

मी हसले... चारचौघांत, मोठ्यानं. लहानपणी कॅम्पातल्या स्टुडिओत तापलेल्या दिव्यांखाली बसवून आई बजावायची, "यशोधरा, दात दाखवू नकोस, फोटो बिघडेल." किती वर्षं पाळलं होतं मी ते!

हरिचंद्र, हेच त्यांचं नाव, खरंच घरी आले. भिंतीला लागून उभे राहिले, छातीशी थर्माकोल.

"बाई, पुढे सरका... अजून पुढे. पुढे खूप जागा आहे!"

"तिकीट फाडणार का आता?"

"तुम्हाला पास आहे."

त्या दिवशी वांग्याचा रंग अगदी वांग्यासारखा आला. मग दर गुरुवारी ते येऊ लागले. शूटिंग लवकर आटपायचं, चहा मात्र लांबायचा. त्यांची पत्नी गेलेली, माझे मालकही गेलेले... दोघांकडे सांगायला पुष्कळ साठलेलं.

"आई, थर्माकोल धरायला मीही आहे हं घरात," स्वप्नाली एकदा म्हणाली.

"तुझा हात हलतो."

"हो का?"

श्रावण सरता सरता एका गुरुवारी ते नवा स्टँड घेऊन आले. त्याला चिमटा होता. त्यात थर्माकोल अडकवून ते दोन पावलं मागं सरले.

"झालं. आता माणूस लागणार नाही."

"मी मागितला होता का?" माझा आवाज उगीच चढला.

"नाही..." ते चष्मा पुसत राहिले. "पण यशोधराबाई, तुम्ही बोलावता, मी येतो. परत जाताना रस्ताभर विचार करतो — बोलावणं थर्माकोलला होतं, की मला? आता बोलावलंत तर कळेल. नाही बोलावलंत... तरी कळेल."

ते दाराशी जाऊन चप्पल घालू लागले. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. आत्ता गप्प बसले तर हा माणूस पुन्हा यायचा नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

"अहो..." कित्येक वर्षांनी हा शब्द तोंडून असा निघाला. "उद्या या."

"उद्या शूटिंग आहे?"

"नाही."

"मग काम काय?"

"काही नाही. नुसतेच या."

एक चप्पल पायात, दुसरी हातात, ते तसेच उभे राहिले.

आतून स्वप्नाली ओरडली, "काका, जेवायलाच या! आईंना एकटीला घास उतरत नाही."

"खोटं बोलते ती," मी म्हणाले.

"असू दे," हरिचंद्र म्हणाले. "मी लवकर येतो."